वायुसेनेतल्या तारमास्तरांचं युद्धही लिहून ठेवा

प्रति,
संरक्षण मंत्रालयाचा इतिहास विभाग,
तसंच पालमचं वायुसेना संग्रहालय आणि चंडीगडचं वायुसेना हेरिटेज सेंटर सांभाळणारे सर्व अधिकारी

आदरणीय महोदय,

जय हिंद.

मी वायुसेनेच्या सिग्नल शाखेतून वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झालो. आता पंच्याहत्तरी गाठली आहे आणि सातारा जिल्ह्यातल्या माझ्या गावी राहतो. हे पत्र खासगी पाकिटात घालून पाठवता आलं असतं. पण ज्यांच्याबद्दल लिहितो आहे त्यांच्यातले बरेच जण अशाच गावांमधून, शहरांच्या कडेच्या वसाहतींमधून राहतात. त्यांच्याही नजरेला ते पडावं म्हणून उघड लिहितो आहे.

१९७१ च्या युद्धानंतर मी पहिल्यांदा रजेवर आलो तेव्हा गावच्या पारावर माणसं जमली होती. पहिला प्रश्न आला, "विमान चालवलंस का रं?" नाही म्हटलं. "मग बॉम्ब टाकलास?" तेही नाही. कानाला हेडफोन लावून वायरलेसवर बसायचो, निरोप घ्यायचो आणि पुढे द्यायचो, असं सांगितल्यावर निम्मी मंडळी उठून गेली. एक आजोबा तेवढे बसून राहिले. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाला जाऊन आलेले. ते म्हणाले, "म्हंजे तारमास्तर. तार तुटली की पलटण आंधळी व्हती बाबा, मी बघितलंय." त्या दिवसापासून गावात माझं नाव तारमास्तर पडलं आणि मला ते आजही आवडतं.

माझं म्हणणं थोडक्यात असं. आपल्या वायुसेनेचा इतिहास विमानांच्या आणि वैमानिकांच्या नावाने लिहिला गेला, आणि तो लिहायलाच हवा होता. पण त्या विमानांना कुठे जायचं, शत्रू कुठून येतो आहे, खाली किती मिनिटं हातात आहेत, हे सांगणाऱ्या सिग्नल युनिटांचा इतिहास आजवर ओळी-दोन ओळींत उरकला गेला आहे. ते काम केलेली १९७१ ची पिढी आता सत्तरी-पंच्याहत्तरीत आहे आणि १९६५ ची त्याहूनही पुढे. त्यांचं म्हणणं अजून काही वर्षं ऐकता येईल. त्यानंतर नाही.

अमृतसरचंच घ्या. १९६५ मध्ये तिथलं रडार सांभाळत होतं २३० सिग्नल युनिट, आणि विंग कमांडर दंडपाणी त्याचे प्रमुख होते. रेडिओवरचं नाव 'फिशऑइल'. ३ सप्टेंबर १९६५ ला सकाळी पठाणकोटहून मिस्टियर विमानांचं आमिष पुढे करून २३ स्क्वाड्रनची नॅट विमानं खालून गेली आणि पाकिस्तानी सेबर त्यांच्या अंगावर आली. त्या झुंजीत स्क्वाड्रन लीडर ट्रेव्हर कीलर यांना सेबर पाडल्याचं श्रेय मिळालं. स्वतंत्र भारताच्या वायुसेनेच्या नोंदीतलं हवाई झुंजीतलं ते पहिलं यश. कीलर यांचं नाव शाळेतल्या मुलांनाही सांगितलं गेलं. शत्रू कुठे आहे हे त्या वैमानिकांना अमृतसरच्या रडारवरून सांगितलं जात होतं, हे मात्र ज्याला खोलात जायचं आहे त्यालाच ठाऊक. पाकिस्तानी वायुसेनेला त्या रडारचं महत्त्व नीट समजलं होतं. त्यांनी ते उद्ध्वस्त करण्याचे पुन्हा पुन्हा प्रयत्न केले. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यात त्यांचे एक स्क्वाड्रन लीडर आपल्या विमानवेधी तोफांना बळी पडले. फिशऑइल युद्ध संपेपर्यंत बोलत राहिलं.

मी तेव्हा शाळेत होतो. पण पुढे जलाहळ्ळीला शिकताना १९६५ पाहिलेल्या सार्जंटांच्या हाताखाली आम्ही वाढलो. वर्गात शिकवताना ते पाठ्यपुस्तकाप्रमाणे बोलायचे, आणि संध्याकाळी बराकीच्या पायरीवर बसले की खरं सांगायचे. बॉम्ब पडत असताना रडारच्या पडद्यासमोरून उठायचं नसतं, ही गोष्ट आम्हाला त्या पायरीवर कळली. त्यांच्यापैकी एकाचंही नाव मला कोणत्या छापील पुस्तकात सापडलेलं नाही.

जलाहळ्ळीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण तिथेच माणूस सिग्नलवाला होतो. बंगळूरच्या या भागात भारत इलेक्ट्रॉनिक्सचा कारखाना १९५४ पासून उभा आहे आणि त्याच परिसरात वायुसेनेच्या प्रशिक्षणसंस्था. आमचे दिवसच्या दिवस मोर्समध्ये, म्हणजे तारेच्या टिंब-रेघांच्या लिपीत जायचे. डॉट आणि डॅश मोजत बसलास तर मेलास, असं उस्ताद सांगायचे. अक्षराचा ठेका कानात बसला पाहिजे. माझे वडील गावच्या भजनी मंडळात मृदंग वाजवायचे. त्यामुळे मला पहिल्याच आठवड्यात वाट सापडली. क्यू म्हणजे 'धा धा ति धा'. एल म्हणजे 'ति धा ति ति'. एफ म्हणजे 'ति ति धा ति'. बोल पाठ झाले आणि मग हात आपोआप लिहायला लागला. शेजारच्या बाकावर तामिळनाडूचा एक मुलगा होता, त्याच्या घरी मृदंगम होता. तोही तसाच शिकला. आम्हा दोघांना एकमेकांची भाषा यायची नाही, पण एकमेकांचे बोल कळायचे. पाच-पाच अक्षरांचे गट, ज्यांचा अर्थ आपल्याला कधीच कळणार नाही, ते तासन् तास न चुकता उतरवायचे. एक अक्षर चुकलं तर पलीकडे सांकेतिक मजकूर उलगडणाऱ्याचा सगळा निरोप नासतो. अर्थ न कळता अचूक राहायचं, हे शिक्षण सोपं नव्हतं.

आता १९७१ च्या आधीचं एक गणित सांगतो. रडारची नजर सरळ रेषेत जाते आणि जमीन तर गोल. दहा मीटर उंचीवर अँटेना असेल, तर तीस मीटरवरून उडत येणारं विमान साधारण ३५ किलोमीटरवर पोचेपर्यंत त्या रेषेतच येत नाही. तेच विमान दहा हजार मीटरवर असेल तर चारशे किलोमीटरवरूनही रेषेत येतं. ताशी ९०० किलोमीटर वेग म्हणजे मिनिटाला १५ किलोमीटर. झाडांच्या शेंड्यांवरून आलेल्या विमानाच्या बाबतीत हातात राहतात सव्वादोन मिनिटं, आणि तीही सगळं नीट चाललं तर. ६ सप्टेंबर १९६५ च्या संध्याकाळी पठाणकोटला हेच घडलं. सेबर खालून आली आणि जमिनीवर उभी असलेली आपली विमानं जळाली. त्यांत दोन नवी मिग-२१ होती.

यावरचा उपाय अगदी जुना होता. माणसाचे डोळे आणि कान. दुसऱ्या महायुद्धात जपानी विमानं बंगाल-आसामच्या बाजूने येऊ लागली, तेव्हाही रानावनात वायरलेस घेऊन टेहळणीवाले बसवले होते. १९६५ नंतर आपल्या वायुसेनेने पश्चिम सीमेवर तीच कल्पना नव्याने आणि मोठ्या प्रमाणावर राबवली. सीमेलगत ठिकठिकाणी मोबाइल ऑब्झर्व्हेशन पोस्ट, म्हणजे आमच्या बोलण्यातलं एमओपी. एक तंबू, एक खंदक, एक एचएफ वायरलेस सेट, दुर्बीण आणि तीन-चार एअरमन, म्हणजे वायुसेनेचे साधे जवान. आकाशात काही दिसलं की किती, कुठून कुठे, किती उंचीवर एवढंच सांगायचं. ती बातमी मागे जाते, विमानतळावर भोंगा वाजतो, वैमानिक धावतो.

अशाच एका पोस्टवर मी १९७१ च्या हिवाळ्यात होतो. ठिकाण आणि संकेतशब्द लिहीत नाही. शपथ घेतली होती आणि ती सुटल्याचं मला कुणी सांगितलेलं नाही. पंजाबात होतो एवढं पुरे. आम्ही चौघं, एक कॉर्पोरल आणि तीन एलएसी, म्हणजे त्याच्या खालच्या हुद्द्याचे एअरमन. त्यातला एक जलाहळ्ळीचा तोच तामिळ मित्र. समोर उसाचा फड, मागे शिसवीची रांग आणि नुकताच उगवलेला गहू. शेजारच्या गावातली एक बीजी रोज दुपारी स्टीलच्या डब्यात साग आणि मक्याच्या रोट्या पाठवायची. आमचं काम काय आहे हे तिने एकदाही विचारलं नाही.

सेट चांगला होता. काळजी असायची बॅटरीची. पंजाबची डिसेंबरातली रात्र इतकी गार की पहाटेपर्यंत बॅटरी मान टाकायची, आणि युद्धात पहाटेची वेळ तर सगळ्यात महत्त्वाची. मी घरून एक घोंगडी नेली होती. आमच्याकडच्या धनगरांनी विणलेली, काळी, टोचणारी. आम्ही सुटी बॅटरी तिच्यात गुंडाळायचो आणि जो झोपायला जाईल त्याने ती पोटाशी घेऊन झोपायचं. ॲसिड पाझरून सुती ओव्हरऑलला भोकं पडली. घोंगडी लोकरीची, ती मात्र टिकली. आजही माझ्याकडे आहे. नाकाजवळ नेली की आंबूस वास येतो, निदान मला येतो.

दत्तजयंती नुकतीच होऊन गेली होती. ३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानी वायुसेनेने आपल्या विमानतळांवर एकाच वेळी हल्ले केले. अमृतसर, पठाणकोट, श्रीनगर, अवंतीपूर, आणि रात्री पुढे अंबाला, आग्रा, जोधपूरपर्यंत. अमृतसर आणि फरीदकोटच्या रडारवरही विमानं आली. आमच्या अंगावर त्या संध्याकाळी काही आलं नाही, पण हेडफोनमध्ये मागच्या-पुढच्या पोस्टचे आवाज एकावर एक चढत होते. पौर्णिमेनंतरचा चंद्र वर आला होता आणि शेतातली वाटसुद्धा स्वच्छ दिसत होती. त्या चांदण्याचा आम्हाला राग आला होता.

नंतरची एक सकाळ सांगतो. मी सेटवर होतो, दुर्बीण तामिळ मित्राकडे. धुकं जमिनीपासून हातभर उठलं होतं. आवाज यायच्या आधीच उसाच्या फडातून बगळे एकदम उठले. मित्राने मान वळवली आणि इंग्रजी-हिंदी सगळं विसरून तामिळमध्ये ओरडला. 'दोन' हा आकडा मला त्याच्या भाषेत यायचा. पश्चिमेकडून पूर्वेला, इतकी खाली की पोटाखालचा काळा धुराचा डाग दिसला. मी निरोप दिला. दहा-बारा सेकंदांत दिला असेन. पलीकडून आलं, "रॉजर." म्हणजे निरोप मिळाला. मी पेन्सिलीने लॉगवर वेळ लिहिली. दवाने शाई पसरायची, म्हणून पेन्सिल. मग पुढची पोस्ट बोलायला लागली.

बस, एवढंच.

ती दोन विमानं कुठे गेली? मागे भोंगा वेळेवर वाजला का? कुणी उडालं का, कुणी वाचलं का? मला आजही माहीत नाही. वैमानिक परत येतो तेव्हा त्याला काय झालं ते ठाऊक असतं. तोफेवरच्या जवानाला निशाणा लागल्याचं दिसतं. वायरलेसवाल्याला 'रॉजर' मिळतो आणि पुढचा निरोप येतो. पन्नास वर्षांहून अधिक काळ मी त्या 'रॉजर'च्या पलीकडे काय होतं ते शोधतो आहे.

काही वर्षांपूर्वी मी एका कार्यालयाला रीतसर पत्र लिहून त्या काळातल्या युनिटची नोंद पाहायला मिळेल का असं विचारलं. उत्तर आलं, जतनाची मुदत संपलेले कागद नियमाप्रमाणे नष्ट केले आहेत. उत्तर देणाऱ्याला मी दोष देत नाही. सिग्नलचे कागद जाळायचेच असतात. लॉग भरला की युनिटला जायचा, मुदत संपली की समिती बसायची, भट्टी पेटायची, आणि जाळल्याचा दाखला मात्र सही-शिक्क्यानिशी फाईलला लागायचा. मी स्वतः अशा समितीत बसलो आहे. काठीने राख ढवळून एकही अक्षर वाचता येत नाही याची खात्री करून घेतली आहे. हुकूम योग्यच होता. पण आज त्या राखेत कुणाकुणाची सकाळ होती, हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

म्हणूनच जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने युद्धांच्या इतिहासाबद्दलचं धोरण मंजूर केलं तेव्हा मला फार आनंद झाला. युद्धडायऱ्या, ऑपरेशनल रेकॉर्ड बुक वगैरे इतिहास विभागाकडे द्यायच्या, साधारण २५ वर्षांत त्यांची गोपनीयता उठवायची आणि त्याहून जुनी कागदपत्रं तज्ज्ञांनी तपासून राष्ट्रीय अभिलेखागाराकडे सोपवायची, असं त्यात म्हटलं आहे. माझी पहिली विनंती या धोरणाला धरूनच आहे. रोजचे सिग्नल जळाले असतील, पण युनिटची रेकॉर्ड बुकं वेगळी असतात. १९६२, १९६५ आणि १९७१ ची सिग्नल युनिटांची आणि टेहळणी फ्लाइटांची जी रेकॉर्ड बुकं कुठल्याही कपाटात शिल्लक असतील, ती फायटर स्क्वाड्रनांच्या बुकांइतक्याच तातडीने तपासावीत. संशोधक आधी विमानांची मागणी करतात हे मी समजू शकतो. म्हणून कुणी मागायची वाट न बघता आपणच आमची बुकं वर काढावीत, असं माझं म्हणणं आहे.

या कामाचं मोल काय होतं हे ठाऊक असलेल्या प्रसंगांवरूनही दिसतं. २२ नोव्हेंबर १९७१ ला पूर्व पाकिस्तानच्या सीमेवर बोयराच्या आकाशात सेबर घोटाळत होती. डमडमहून २२ स्क्वाड्रनची चार नॅट उडाली. त्यांना जमिनीवरून वाट दाखवत होते फायटर कंट्रोलर फ्लाइंग ऑफिसर बागची. थोड्या वेळाने नॅटच्या वैमानिकांपैकी गणपती यांचा आवाज त्यांच्या कानावर पडला, "मर्डर, मर्डर, मर्डर". शत्रूचं विमान पाडल्याचा तो ठरलेला शब्द होता. छत्रीने उतरलेले दोन पाकिस्तानी वैमानिक पकडले गेले, त्यांतला एक पुढे त्यांच्या वायुसेनेचा प्रमुख झाला. या लढाईत निदान कंट्रोलरचं नाव इतिहासात राहिलं. बागचींच्या मागे पडद्यावर ठिपके वाचणारे, टेलिफोनच्या लाइनी धरून बसलेले, जनरेटर बंद पडू न देणारे एअरमन कोण होते?

किंवा १४ डिसेंबर. ढाक्याच्या गव्हर्नर हाऊसमध्ये बैठक भरणार असल्याचा शत्रूचा निरोप आपल्या बाजूच्या कानांनी पकडला. तो शिलाँगहून गुवाहाटीला पोचला आणि विंग कमांडर बिश्नोई यांच्या २८ स्क्वाड्रनच्या मिग विमानांनी त्या इमारतीवर रॉकेट सोडले. पूर्व पाकिस्तानचे गव्हर्नर मलिक यांनी तिथेच राजीनामा लिहिला. बिश्नोई उडायला निघाले तेव्हा त्यांच्या हातात पर्यटकांसाठी छापलेला ढाक्याचा नकाशा दिला गेला, हे सगळ्यांना माहीत आहे, कारण तो प्रसंग सांगायला छान आहे. मी मात्र दर वेळी त्या कानांचा विचार करतो. कुणीतरी तास न् तास खरखर ऐकत बसला होता. एका क्षणी ओळीतला अर्थ त्याने हेरला आणि पेन्सिल उचलली. त्या माणसाला हे माहीत आहे का की त्याच्या त्या ऐकण्यामुळे एक सरकार कोसळलं? कुणी त्याला सांगितलं का?

पुढचा काळ मी भरभर सांगतो, कारण त्याबद्दल बोलायला माझ्यापेक्षा तरुण माणसं आहेत. मोठमोठ्या वाटीसारख्या अँटेना लावून वातावरणाच्या खालच्या थरावर लहरी विखरून दूरवर निरोप पोचवायचा, त्या ट्रोपोस्कॅटर लिंकवर मी शेवटची काही वर्षं काढली. १४ सप्टेंबर २०१० ला तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी एएफनेट हे फायबरवरचं नवं जाळं सुरू केलं आणि आमची तंत्रविद्या जुनी झाली. हे व्हायलाच हवं होतं. जुलै २०१३ मध्ये बीएसएनएलने नागरी तारसेवा बंद केली तेव्हा मुंबईपासून साताऱ्यापर्यंत माणसं शेवटची तार करायला रांगेत उभी राहिली, वर्तमानपत्रांत फोटो आले. वायुसेनेतला मोर्स कोणत्या दिवशी थांबला, शेवटचा निरोप कुणी कुणाला दिला, हे मला अनेकांना विचारूनही कळलेलं नाही.

एक बदल मात्र मनापासून नोंदवतो. २७ फेब्रुवारी २०१९ ला पाकिस्तानी विमानं आली तेव्हा आपल्या वैमानिकांना वाट दाखवणाऱ्या फायटर कंट्रोलर स्क्वाड्रन लीडर मिंटी अगरवाल यांना युद्ध सेवा पदक मिळालं. हे पदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. त्याच वर्षीच्या वायुसेना दिनी ५१ आणि ९ स्क्वाड्रनच्या बरोबरीने ६०१ सिग्नल युनिटचाही गौरव झाला. मी टीव्हीसमोर उभा राहून सलाम केला. मग ८ मार्च २०२४ ला हिंडनला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी मेघालयातल्या ५०९ सिग्नल युनिटला कलर्स, म्हणजे युनिटच्या सन्मानाचा ध्वज, प्रदान केले. त्याच सोहळ्यात आपल्या नाशिकजवळच्या ओझरच्या ११ बेस रिपेअर डेपोलाही कलर्स मिळाले. सिग्नलवाले आणि मेकॅनिक, दोघंही कधी फोटोत नसणारे, त्या दिवशी परेड मैदानावर मध्यभागी होते. तेव्हा मला वाटलं, आता आपलं म्हणणं कुणीतरी ऐकेल.

दुसरी विनंती माणसांबद्दलची आहे आणि ती पहिलीपेक्षा तातडीची आहे. आम्हाला विचारा. अधिकाऱ्यांच्या आठवणी पुस्तकरूपाने आल्या, ते बरंच झालं. पण पोस्टवर, रडारच्या केबिनमध्ये आणि सिग्नल सेंटरच्या रात्रपाळीत बसलेले बहुतेक जण एअरमन होते. मॅट्रिक होऊन आलेली शेतकऱ्यांची, गिरणी कामगारांची, मास्तरांची मुलं. ती पुस्तकं लिहिणार नाहीत. त्यांच्या घरी जाऊन कुणीतरी रेकॉर्डर समोर ठेवला पाहिजे. पेन्शनच्या यादीत प्रत्येकाचा पत्ता आहे. दर वर्षी हयातीचा दाखला द्यायला आम्ही येतोच. त्या दिवशी एक कोरा कागद दिलात तरी सुरुवात होईल: कोणत्या युनिटमध्ये होतात, कोणत्या साली, काय पाहिलंत. आणि ज्याला त्याला त्याच्या भाषेत बोलू द्या. माझं नोकरीतलं आयुष्य इंग्रजी संकेतांत आणि हिंदी गप्पांत गेलं, पण बगळे उठले ती सकाळ मला मराठीतच आठवते. माझ्या मित्राला ती तामिळमध्येच आठवत असणार.

त्या मित्राबद्दल एवढं सांगून थांबतो. निवृत्तीनंतर तो त्याच्या गावी गेला, मी माझ्या. दर रविवारी त्याचा व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप यायचा. बोलायचा नाही. स्टीलच्या पेल्यावर चमच्याने वाजवायचा: क्यूआरयू, आणि पुढे प्रश्नचिन्ह. वायरलेसच्या भाषेत त्याचा अर्थ, माझ्यासाठी तुझ्याकडे काही आहे का? मी माझ्या पेल्यावर गावची खबर वाजवायचो. पाऊस, नातवंडं, गुडघे. आमची बोटं मंदावली होती, पण ठेका शाबूत होता. गेल्या वर्षी एका रविवारी निरोप आला नाही. त्याच्या मुलीने फोन केला. आमच्या पोस्टवरच्या चौघांपैकी बाकीचे दोघं आधीच गेले होते. त्या सकाळबद्दल सांगू शकेल असा आता मी एकटा आहे.

माझ्याकडे तीन वस्तू आहेत. जलाहळ्ळीतली मोर्सची वही, जिच्या समासात मी मृदंगाचे बोल लिहिले आहेत. ती घोंगडी. आणि फोनमध्ये साठवलेले मित्राचे एकशे चाळीस निरोप, ज्यांचा अर्थ माझ्या घरात दुसऱ्या कुणाला लावता येत नाही. तिन्ही वस्तू मी आपल्या संग्रहालयाला द्यायला तयार आहे. निरोपांसोबत त्यांचं मराठी भाषांतर स्वतः लिहून देईन. त्याच्या मुलीची परवानगी घेतली आहे. पालम किंवा चंडीगडला बोलावलंत तर स्वखर्चाने येईन. तेवढा प्रवास डॉक्टरांनी नको म्हटलं तर ओझर किंवा लोहगावपर्यंत नक्की पोचेन. आपल्यापैकी कुणी गावी येणार असाल तर सातारा स्टँडवरून एसटी आहे, आणि पहाटे पाचपासून मी जागाच असतो.

आपला,
एक निवृत्त वॉरंट ऑफिसर, सिग्नल शाखा
जिल्हा सातारा